मल्टिकुकरचा सेन्सर गेला की वायर तुटली?

प्रश्न : इलेक्ट्रिक मल्टिकुकर लावला की लगेच ‘ई-१’ दिसतं आणि तो बंद पडतो. काय करावं?

उत्तर : बहुतेक मॉडेलांत ही तापमान सेन्सरची तक्रार असते, माहितीपुस्तिकेत खात्री करा. तळाच्या सेन्सरच्या चकतीभोवती शितं अडकली, तर भात करपतो किंवा कच्चा राहतो. पण लगेच ‘ई-१’ येत असेल, तर संशय वायरवर घ्या. झाकणात सेन्सर असेल, तर उघडझाप करून बिजागरीपाशीच वायर तुटते.

प्लग काढून जाणकाराकडून मल्टिमीटर लावून घ्या. सेन्सर मुठीत धरला, की रोध हळूहळू उतरायला हवा. रोध दिसतच नसेल, तर वायर किंवा सेन्सर तुटलेला. शून्य आला, तर शॉर्ट. नवा सेन्सर त्याच मूल्याचा घ्या, नाहीतर तापमान चुकेल. थर्मल फ्यूज वगळून तारा मात्र कधीही थेट जोडू देऊ नका, आग लागू शकते.