उलट्या बाजूचा रस्ता

आपल्याकडे मोटारी डाव्या बाजूने चालतात. काही देशांत त्या उजव्या बाजूने चालतात. दक्षिण अमेरिकेतला बोलिव्हिया हा असाच एक देश. तेथे ड्रायव्हर मोटारीत डावीकडे बसतो. पण त्या देशातल्या एका रस्त्यावर हा नियम मुद्दाम उलटा केला आहे. तो का, ते आज आपण पाहू.

बोलिव्हियात अँडीज नावाचा मोठा पर्वत आहे. ला पाझ हे शहर त्याच पर्वतात सुमारे ३६०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी हे शहर वरच राहील!

तेथून कोरोइको गावाला जायचे तर आधी आणखी चढावे लागते. खिंड ४६०० मीटरांहून उंच आहे. हवा इतकी विरळ, की चार पावले भरभर टाकली तरी धाप लागते. मग वाट खाली उतरते. वर थंडी, आणि खाली केळी, संत्री, कॉफीचे मळे.

१९३२ ते १९३५ या काळात बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांची लढाई झाली. त्या लढाईतल्या कैद्यांना राबवून हा घाट खोदला. रुंदी बऱ्याच जागी सहा-सात हातच. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी. कठडा जवळजवळ नाहीच. वरून पाऊस, धुके आणि दरडी.

आता नियम पाहा. या घाटात डावी बाजू धरायची. उतरताना दरी डावीकडे येते. ड्रायव्हरही डावीकडेच बसलेला. खिडकीतून वाकले, की आपले चाक काठापासून किती बोटे आहे ते त्याला दिसते. उजवी बाजू धरली असती, तर दरीचा काठ चढणाऱ्या गाडीकडे आला असता, आणि तिच्या ड्रायव्हरला काठावरचे चाक दिसले नसते.

दुसरा नियम, वाट आधी चढणाऱ्याची. भरलेली मालमोटार चढावर थांबली, की पुन्हा हलवणे कठीण. म्हणून उतरणाऱ्याने थांबायचे, वेळ पडली तर मागे सरायचे.

एवढे करूनही माणसे गेलीच. १९८३ साली एक खच्चून भरलेली बस दरीत कोसळली आणि शंभराच्या आसपास माणसे मेली. वळणावळणावर लोकांनी क्रूस उभे केले आहेत.

२००६ च्या सुमारास दुसरा, रुंद रस्ता झाला. बस आणि मालमोटारी आता तिकडून जातात. जुन्या वाटेवर परदेशी हौशी लोक पैसे मोजून सायकली सोडतात. ज्या वाटेने लोक पोटासाठी जीव मुठीत धरून गेले, तिथे ही मौज! आम्हाला तरी याचे नवल वाटते. मात्र सायकलवाल्यांनाही तिथे डावीच बाजू धरावी लागते.