हे आलं कुठून, हे चालतं कुठं

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत गणिताच्या शिकवण्या घेताना विचार करण्याच्या दोन तऱ्हा रोज समोर दिसतात. कार्ल युंग यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथात त्यांना बहिर्मुख आणि अंतर्मुख विचार म्हटलं. मुलांच्या संगतीत त्याबद्दल जे उमगलं, ते लिहितो.

१. बोलकेपणाशी याचा संबंध नाही. विचार आपला पुरावा कुठून आणतो, ते पाहायचं. नवं सूत्र फळ्यावर आलं की एक मुलगा विचारतो, "सर, हे कुठं वापरायचं?" एक मुलगी विचारते, "पण हे आलं कुठून?" उत्तर ताळ्यात बसलं की तो पुढच्या गणिताकडे वळतो. तिचं उत्तर बरोबर आलं तरी आधी शिकलेल्याशी त्याचा मेळ बसेपर्यंत तिला चैन पडत नाही. त्याचा विचार बहिर्मुख, तिचा अंतर्मुख. आणि वर्गात सगळ्यात जास्त बोलते तीच.

२. वर्धेकरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. युंग यांनी डार्विन आणि कांट यांची नावं घेतली; मला कुमारप्पा आणि विनोबा आठवतात. हे वर्गीकरण माझं आहे. जे. सी. कुमारप्पा मुळात हिशेबतपासनीस. गुजरातेतल्या मातर तालुक्याची त्यांनी आर्थिक पाहणी केली, मग १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम उभारलं. गरिबीबद्दल बोलायचं तर आधी खेड्यातल्या घराचं उत्पन्न, खर्च, कर्ज मांडायचं, ही त्यांची रीत. विनोबा १९२१ मध्येच वर्ध्याला आले. पुढे पवनारला, धाम नदीच्या काठी, त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून जगता आलं पाहिजे, हे तत्त्व आधी मनाशी पक्कं झालं. कुदळ घेऊन शेतात उतरणं त्यानंतर. एकाचा विचार आकड्यांकडून तत्त्वाकडे गेला, दुसऱ्याचा तत्त्वाकडून मातीकडे. दोघांची कामाची ठिकाणं काही मैलांच्या अंतरावर होती, आणि गांधीजींना दोघेही हवे होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

३. अंतर्मुख विचाराला वेळ द्यावा लागतो. "चल, पटकन सांग" म्हटलं की अशी मुलं गप्प होतात आणि घरचे त्यांना मंद ठरवतात. हा अन्याय आहे. मी प्रश्न आदल्या दिवशी देतो.

४. दोन्ही तऱ्हा हट्टाला पेटू शकतात. बहिर्मुख विचार बिघडला की एकच नियम साऱ्या घरावर लादतो: शेजारच्याच्या मुलाला ज्या क्लासने गुण मिळाले, तोच आपल्यालाही लावायचा. अंतर्मुख विचार बिघडला की समोरचं वास्तव नाकारतो. मांडणी सुरेख असते, पण उत्तर पाहावं तर मजुरांची संख्या साडेतीन. पहिल्याला मी "का?" विचारतो, दुसऱ्याला "ताळा करून बघ" म्हणतो.

५. कोणीही एका खणात मावत नाही. कुमारप्पांनी १९४५ च्या पुस्तकात निसर्गाच्या व्यवहारावरून शाश्वत अर्थव्यवस्थेची तात्त्विक मांडणी केली. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी विनोबांकडे जमीन मागितली, एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली, आणि समोरच्या त्या घटनेतून विनोबांची भूदानयात्रा सुरू झाली.

६. दहावीनंतर पालक चार अक्षरांच्या चाचणीचा निकाल घेऊन येतात. सोळा गटांची ही पद्धत युंग यांच्या विचारावरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी बसवली. तिच्यातही पहिलं अक्षर पाहून फसायला होतं: आयएनटीजे गटाचा माणूस अंतर्मुख, पण त्याचा विचार बहिर्मुख धरतात, ईएनटीपीचं नेमकं उलटं. त्या कागदावरून शाखा ठरवू नये, असं मी स्पष्ट सांगतो आणि मुलाची कच्ची वही मागवतो. उत्तराचा ताळा केला आहे की सूत्रच पुन्हा सिद्ध करून पाहिलं आहे, हे त्या वहीत दिसतं.