खांद्याच्या फॉर्मवर खरं तेच लिही

अगं, खांदा आखडला म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलीस की आधी हातात प्रश्नांचा एक कागद येतो. तू काय करतेस, सगळीकडे तीन नाहीतर चार लिहून मोकळी होतेस. दुखण्याचा बाऊ करायचा नाही, ही आपली जुनी सवय. पण इथे ती सवय तुझ्याच मुळावर येते. उपचाराचा गुण येतोय की नाही, हे पुढे याच आकड्यांवरून बघणार आहेत.

अनेकदा तो कागद ‘स्पाडी’चा असतो. १९९१ साली अमेरिकेत तयार झालेली ही १३ प्रश्नांची यादी. ५ प्रश्न दुखण्याचे, ८ रोजच्या कामांचे: केस धुताना, वरच्या फळीवर काही ठेवताना, जड वस्तू उचलून नेताना किती त्रास होतो? शेवटी ० ते १०० गुण. जितके जास्त, तितका त्रास जास्त.

अशी प्रश्नावली वापरण्याआधी तिची विश्वासार्हता तपासतात. खांदा होता तसाच असेल, तर आज भरलेला आणि चार दिवसांनी भरलेला फॉर्म जवळपास सारखा यायला हवा. स्पाडी यात चांगली उतरली आहे. पण त्यासाठी तूही तिच्या नियमाने चालायला हवं. ती गेल्या आठवड्याबद्दल विचारते. नुकताच शेक घेऊन बरं वाटतंय म्हणून आकडा खाली आणू नकोस, आणि काल रात्री झोप लागली नाही म्हणून वरही चढवू नकोस.

दुसरी कसोटी वैधतेची: जे मोजायचं तेच मोजलं जातंय ना? तुझं दुखणं मानेतून हातात उतरत असेल, तर दर वेळी सारखेच गुण येतील, पण ते खांद्याचे नसतील. म्हणून कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखव.

आणि एक प्रश्न तुला हमखास अडेल: पँटच्या मागच्या खिशातून वस्तू काढताना किती त्रास होतो? तू नेसतेस साडी. म्हणून तिथे शून्य टाकलंस, तर ‘काहीच त्रास नाही’ असा अर्थ होतो. ‘लागू नाही’ असं सांग. तो प्रश्न वगळून उरलेल्या प्रश्नांवर गुण काढता येतात. पाठीमागचा हूक लावताना हात पोचत नाही, हे मात्र आवर्जून सांग, कारण हात पाठीमागे जातो का, हेच त्या प्रश्नातून कळणार असतं. आपल्याकडच्या बायकांसाठी प्रश्न नीट बेतून घ्यावे लागतात ते याचसाठी.

महिन्याने गुण दोन-चारने उतरले तर लगेच हुरळू नकोस, चढले तर खचू नकोस. साधारण ८ ते १३ गुणांचा फरक पडला, तरच तो रुग्णाला खरोखर जाणवणारा मानतात. दुसरीकडे ‘ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर’ भरायला दिला, तर तिथे उलटं असतं: ४८ गुण म्हणजे उत्तम खांदा. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नकोस.

पुढच्या वेळी फॉर्म घाईत भरू नकोस. खुर्चीत बस, प्रश्न कळला नाही तर विचार, आणि आठ दुखत असेल तर आठच लिही. तुझ्या खांद्याला काय होतंय ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून तर ते तुला विचारतात.