संपात माणसं पुरवणाऱ्याची मान कुठे अडकते?



हंगामाच्या तोंडाला गट बैठकीत दरवर्षी कुणीतरी विचारतोच, "साहेब, टोळ्यांनी कोयता बंद ठेवला तर दुसऱ्या मुकादमाला उचल द्या आणि माणसं आणा. त्यात काय एवढं?" सभासदाची तळमळ खोटी नाही. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला की वजन घटतं आणि उताराही उतरतो. पण "त्यात काय एवढं" याचं उत्तर शोधताना मला विलायतेतला एक कायदा वाचायला मिळाला. तिथे माणसं पुरवणं हा मोठा धंदा आहे. एजन्सी माणूस नेमते, त्याचा पगार देते, कारखान्याकडून पैसे घेते. आपल्या मुकादमाचाच हा शहरी भाऊ म्हणा.

तिथल्या २००३ सालच्या नियमावलीतला सातवा नियम असा, की संपावर गेलेल्या कामगाराचं काम करायला एजन्सीने माणूस पुरवायचा नाही. इथवर सरळ आहे. पण नियम पुढेही जातो. समजा, वजनकाट्यावरचा कारकून संपावर गेला. मालकाने टाइम ऑफिसातला कारकून काट्यावर बसवला आणि टाइम ऑफिसासाठी एजन्सीकडे माणूस मागितला. तो पुरवला तरी गुन्हाच! पळवाट आधीच बुजवून ठेवली आहे.

गंमत अशी की हा नियम मालकाला बांधत नाही. मालकाने स्वतः दारात माणसं भरती केली तर या नियमाखाली तो सुटतो. अडकते ती एजन्सी. १९७३ च्या कायद्याखाली हा फौजदारी गुन्हा आहे, आणि इंग्लंडात दंडाला वरची मर्यादा नाही. शिवाय न्यायाधिकरण त्या माणसाला दहा वर्षांपर्यंत हा धंदा करायला बंदी घालू शकतं. दंड एकदा भरून मोकळं होता येतं, पण दहा वर्षं धंदा बंद म्हणजे चूल बंद. सुटायच्या वाटा दोनच. एक म्हणजे, संप अनधिकृत असला तर. दुसरी, संपाची माहिती नव्हती आणि माहिती असायला सबळ कारणही नव्हतं, हे ठरलं तर. संप गावभर गाजत असताना "मला ठाऊक नव्हतं" हे कोण ऐकून घेणार? म्हणून शहाणी एजन्सी ऑर्डर घेतानाच लेखी विचारते की ही जागा रिकामी का झाली.

२०२२ साली रेल्वेचे संप चालू असताना तिथल्या सरकारने हा नियमच २१ जुलैपासून काढून टाकला. एजन्सींना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्याच संघटनेने, रिक्रूटमेंट अँड एम्प्लॉयमेंट कॉन्फेडरेशनने, कामगार संघटनांबरोबर उभं राहून विरोध केला. दुसऱ्याच्या भांडणात आपली माणसं मधे उभी करायची नव्हती त्यांना. मला हे पटतं. फडात दोन टोळ्या समोरासमोर आल्या की डोकं फुटतं ते नव्याने आलेल्या गरिबाचं. पुढे कामगार संघटना कोर्टात गेल्या. कायद्याप्रमाणे आधी संबंधितांशी विचारविनिमय करायला हवा होता, तो मंत्र्यांनी केला नाही, म्हणून १३ जुलै २०२३ ला हायकोर्टाने तो बदल रद्द ठरवला. १० ऑगस्ट २०२३ पासून जुनी बंदी परत आली. मधल्या वर्षात ज्यांनी या कामाची घडी बसवली, त्यांना ती मोडावी लागली असणार.

आता आपल्याकडचं. इथे बोट मालकाकडे आहे. बेकायदा नसलेला संप चालू असताना नवे कामगार भरती करणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने हे आलं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. त्या संहितेत 'मालक' या शब्दात कंत्राटदारही धरला आहे. तेव्हा कारखान्याच्या आतल्या कामाला संपाच्या दिवसांत माणसं आणून देतो असं कुणी छातीठोक सांगू लागला, तर आधी संपाची नोटीस बघावी, तो कायदेशीर आहे का हे कामगार अधिकाऱ्यांना विचारावं, आणि मगच पुढचं बोलावं. हा विषय पुढच्या गट बैठकीत घेऊ. ज्यांना शंका असतील त्यांनी त्या लिहून आणाव्यात.