दुकानातील कॉम्प्युटर : विंडोज सोडून कोणते लिनक्स घ्यावे?

रेणापूरच्या बाजारात हार्डवेअर, बी-बियाणे किंवा तयार कपड्यांच्या दुकानात जा, गल्ल्याशेजारी एक कॉम्प्युटर हमखास दिसेल. बहुधा आठ-दहा वर्षांपूर्वी लातूरहून आणलेला, ४ जीबी रॅमचा. त्यावर बिले निघतात, जीएसटीचे पोर्टल उघडते आणि संध्याकाळी उधारी चढते. यंत्र धडधाकट आहे, पण त्यातील विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या सुधारणांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची वाढीव मुदत तेवढी देण्यात आली. विंडोज ११ टाकावे म्हटले तर त्याला टीपीएम २.० नावाची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रात तो नसतो.

आधार बंद म्हणजे यंत्र बंद, असा समज काही बांधवांचा झालेला दिसतो. तसे नाही. यंत्र चालतच राहते, परंतु त्यात सापडणाऱ्या नव्या भेगा बुजवायला कोणी येत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार होतो आणि ज्यात गावाच्या उधारीचा हिशेब आहे, ते असे उघडे ठेवणे बरे नव्हे. उधारीची वही ही गिऱ्हाईकाची अमानतच आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ यंत्रांवरचे विंडोज विकत घेतलेले नसते, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने ते टाकून दिलेले असते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे नक्कल असल्याचे ठाऊक असून असा प्रोग्राम वापरल्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. तराजूच्या दांडीकडे डोळ्यात तेल घालून पाहणारे आमचे व्यापारी या बाबतीत मात्र बेफिकीर असतात. यंत्र नवे घ्यायचे नाही, चोरीचे चालवायचे नाही, तर तिसरी वाट लिनक्सची आहे.

लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने यंत्र चालवणारा मूळ गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात हाच गाभा आहे. म्हणून ‘फुकट आहे म्हणजे हलकाच असणार’ हा बाजारातला नियम येथे लावू नये. या गाभ्याभोवती खिडक्या, ऑफिसचे प्रोग्राम, ब्राउझर वगैरे बांधून जो तयार संच निघतो त्याला डिस्ट्रिब्यूशन किंवा डिस्ट्रो म्हणतात. लातूरच्या आडतीतली तूर एकच, पण प्रत्येक डाळ मिलच्या पोत्यावर छाप निराळी, तसाच हा प्रकार आहे. असे संच शेकड्यांनी आहेत, आणि नवा माणूस येथेच गोंधळतो. कोणी एक सांगतो, कोणी दुसरे.

आमचे म्हणणे असे की डिस्ट्रोचे नाव विचारण्याआधी आपल्या यंत्रावर रोज काय काम होते ते कागदावर लिहून काढावे.

किराणा, हार्डवेअर, फर्निचर, टेलरिंग, बागवानांची फळांची वखार या धंद्यात बहुतेक काम ब्राउझर आणि हिशेबाचा तक्ता एवढ्यात भागते. जीएसटीचे व ई-वे बिलाचे पोर्टल फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये उघडते आणि हे दोन्ही लिनक्सवर चालतात. मालकीच्या दुकानाला विवरणपत्र मोबाईलवर आलेल्या ओटीपीने भरता येते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही सक्तीची आहे. तिचे टोकन लिनक्सवर चालते की नाही, हे आपल्या कर सल्लागाराला दाखवून मगच पुढे जावे. एक्सेलच्या जुन्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. साधे बेरीज-वजाबाकीचे तक्ते जसेच्या तसे येतात, मॅक्रो घातलेले मात्र दगा देऊ शकतात.

टॅलीवर ज्यांचा सगळा कारभार आहे त्यांनी थांबावे. टॅली विंडोजसाठी बनते. वाइन नावाच्या प्रोग्रामच्या आधाराने ते लिनक्सवर चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीस अडले तर दाद मागायला जागा नाही. सल्लागाराकडे टॅली आणि आपल्याकडे फक्त बिले, अशी वाटणी असेल तर हरकत नाही. ज्यांचे दुकान आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून देण्याचे आहे त्यांनीही थांबावे. अंगठ्याच्या यंत्रांची सॉफ्टवेअरे मुख्यतः विंडोज व अँड्रॉइडसाठी असतात.

लग्नपत्रिका, फलक आणि हँडबिले छापणाऱ्या आमच्या कारागिरांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. हे काम कोरलड्रॉ, श्रीलिपी आणि उर्दूसाठी इनपेज या तिघांवर उभे आहे, आणि तिन्ही विंडोजचे आहेत. लिनक्सवर इंकस्केप आणि स्क्रायबस आहेत, चांगले आहेत, पण हात बसायला महिने लागतात. सराईच्या दिवसांत नवा हात शिकायला वेळ कोणाला आहे? शिवाय वर्षानुवर्षांच्या पत्रिकांच्या कोरल फायली जशाच्या तशा उघडतील ही आशा धरू नये. इनपेजची फाईल लिब्रेऑफिस उघडत नाही. मराठीचीही तीच अडचण आहे. श्रीलिपी वा कृतिदेवमधील जुना मजकूर हा युनिकोड नव्हे. तो नव्या यंत्रावर नेल्यास अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, आणि परिवर्तकातून काढला तरी रफार व जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात.

उलट नवा मजकूर युनिकोडमध्ये करायचा असेल तर लिनक्स कुठेही कमी पडत नाही. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आयता असतो, सेटिंगमधून चालू करायचा एवढेच. रेड हॅट कंपनीने खुले केलेले लोहित देवनागरी आणि गुगलचे नोटो देवनागरी हे फाँट मोफत आहेत. उर्दूसाठी नोटो नस्तालीक आहे. नूरी नस्तालीकची नजाकत त्यात नाही हे खरे, पण पावती, सूचना, मदरशाचे पत्रक यांना तो शोभतो. म्हणून छापखानेवाल्यांना आमचा सल्ला असा की डिझाइनचे यंत्र विंडोजवरच, परवाना घेऊन, ठेवावे आणि दुसरे जुने यंत्र बिले, ई-मेल व बँकेसाठी लिनक्सवर न्यावे.

आता डिस्ट्रोकडे वळू. विंडोजवरून प्रथमच येणाऱ्या दुकानदाराला आम्ही लिनक्स मिंट सुचवू. तो २००६ साली सुरू झाला आणि उबंटूच्या पायावर उभा आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, ही विंडोजच्या हाताला सरावलेली मांडणी त्यात तशीच आहे. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स आधीच बसवलेले येतात. २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळतील असे जाहीर झालेले आहे. त्यात टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, तिने एखाद्या सुधारणेनंतर यंत्र बिघडले तर ते कालच्या स्थितीत परत नेता येते. मिंटच्या दोन आवृत्त्या लक्षात ठेवाव्यात. यंत्रात ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर सिनॅमन, त्याहून कमी असेल तर हलकी एक्सएफसीई. मिंट २ जीबीवर सुरू होतो, पण ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की दम लागतो.

उबंटू २००४ पासूनचा आहे आणि त्याचे जाणकार जास्त भेटतात. मात्र त्याची मांडणी निराळी असून जुन्या यंत्राला तो जड जातो. आयर्लंडमध्ये बनणारा झोरिन दिसायला विंडोजच्या फार जवळचा आहे. त्याची कोअर आवृत्ती मोफत, प्रो विकतची. मिंट पसंत न पडल्यास तो घ्यावा. आपल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर बॉस नावाचा संच भारतीय भाषांसाठी बनवला आहे. अभिमान वाटतो, पण तालुक्याच्या गावी अडचणीत विचारायला त्याचा वापरणारा शोधावा लागेल. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवा निघतो, दुकानाला इतकी घाई कशाला? आर्च वगैरे नावे घरातील कॉलेजचे पोरगे घेईल, त्याला त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ती हौस करू द्यावी.

विचारायला माणूस जवळ असणे हे डिस्ट्रोच्या गुणांपेक्षा मोठे आहे. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स टिकले, कारण तेथे सर्व शाळांना एकच संच दिला आणि आधी शिक्षकांना शिकवले. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली विंडोज सोडण्याचा निर्णय घेऊन हजारो यंत्रे बदलली, आणि २०१७ साली परत फिरण्याचे ठरवले. त्यामागे राजकारणही होते, पण इतर कार्यालयांच्या फायली नीट उघडत नाहीत ही तक्रार सुरुवातीपासून होती. बाजारातील चार दुकानांनी मिळून एकच डिस्ट्रो घेतला तर एकाचे शिकलेले चौघांच्या कामी येते.

बदल करताना एक चूक अनेकांना महागात पडते. आमच्या परिचयातील एका दुकानदाराने यंत्र एका कारागिराकडे दिले. त्याने ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला आणि दोन वर्षांची उधारी गेली. गिऱ्हाइकांनी आपापल्या आठवणीने रक्कम सांगितली, बहुतेकांनी खरी सांगितली, पण सगळ्यांनी नाही. तेव्हा आधी हिशेबाच्या सर्व फायली दोन पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, एक दुकानात व एक घरी, आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. शक्य झाल्यास जुनी डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाकावे. मन बदलले तर जुनी डिस्क परत लावली की काम झाले. एसएसडीने जुने यंत्र चपळ होते, हा वरचा फायदा.

मिंटची फाईल सुमारे ३ जीबीची असते आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावरून यंत्र सुरू केले की काहीही न पुसता मिंट चालवून पाहता येते. ही सवलत पुरेपूर वापरावी. वायफाय लागते का, जीएसटीचे पोर्टल उघडते का, मराठी टाइप होते का आणि सर्वांत आधी प्रिंटर चालतो का, हे पाहावे. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. लेझरजेट १०२० ला एक जादा प्लगइन उतरवून घ्यावा लागतो. दुकानांतून फार दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर त्रास देतो. तो असेल तर तो चालवून दाखवणारा जाणकार मिळेपर्यंत डिस्कला हात लावू नये. प्रत्यक्ष बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो, पण यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर वीज जाण्याच्या वेळेत ते काम काढू नये. पहिले पंधरा दिवस बिलबुक शेजारी ठेवावे. यंत्र अडले तर गिऱ्हाईक ताटकळत राहणार नाही, आणि रात्री निवांतपणे काय अडले ते पाहता येईल.