कालनिर्णयावरच्या फुल्या

सांगली, १२ जून

चि. मृणाल,


परवा तू रुमाल काढलास तेव्हा पर्समधून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खाली पडल्या. तू पटकन उचलल्यास. चार माणसं बसली होती म्हणून मीही गप्प राहिले. पण औषधाच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं काउंटरला उभी राहिलेली बाई मी. कात्रीनं कापून दोन गोळ्या नेणारं गिऱ्हाईक वेगळं आणि अख्खी पट्टी मागणारं वेगळं. तुझ्या तीन पट्ट्या होत्या, तिन्ही अख्ख्या. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेल्या.

तुझं दुखणं घराण्यातलंच. तुझ्या आजीला होतं, मला आहे, तुझे बाबा सुटले आणि तू सापडलीस. आजी त्याला पित्त म्हणायची. डोकं ठणकायला लागलं की कोमट पाण्यात मीठ घालून प्यायची, मोरीवर जाऊन उलटी काढायची, मग कपाळाला सुंठेचा लेप लावून, पदर घट्ट आवळून अंधाऱ्या खोलीत पडायची. उलटीनंतर तिला उतार पडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे सगळा दोष पित्तावर गेला. खरं तर मळमळ, उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणं आहेत. सुरुवात मेंदूत होते, पोट मागून ओढलं जातं. डोकं ठणके मारतं, जिना चढला की वाढतं, ट्यूबलाइट आणि कुकरची शिट्टी सोसवत नाही, आणि औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत मुक्काम असतो. नाव अर्धशिशी असलं तरी दोन्ही बाजू दुखू शकतात. तू चष्म्याचा नंबर दोनदा तपासलास, सायनसचा एक्स-रे काढलास. काही निघालं नाही याचं मला नवल वाटलं नाही.

आता गोळीचं. डोकेदुखीची गोळी वारंवार घेतली की तीच डोकेदुखी लावते. दुकानात मी हे गिऱ्हाइकांना सांगायची आणि दुपारी शटर अर्धं ओढून स्वतः एक गोळी गिळायची! पुढे पुढे तर दुखण्याआधीच, ‘आज दुखेल’ म्हणून. सकाळी उठतानाच डोकं जड, गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं, संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी ती बंद केली. पहिले आठ-दहा दिवस असे गेले की तुझ्या काकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मग हळूहळू महिन्यातले वीस दिवस पाचांवर आले.

म्हणून दुखण्याच्या दिवसांचा हिशेब ठेव. खोलीतल्या कालनिर्णयावर डोकं दुखलं त्या दिवशी लाल फुली मार, गोळी घेतलीस तर शेजारी निळा ठिपका. नुसतं पॅरासिटामॉल असेल तर महिन्यात पंधरा दिवस, आणि तुझ्यासारखी मिश्र गोळी असेल तर दहाच दिवस, ही धोक्याची पातळी. तीन महिन्यांहून जास्त असं चाललं की गोळीच दुखणं लावते. पण जेव्हा घ्यायची तेव्हा दुखणं सुरू होताच घे. तू अभ्यासिकेतून उठायला नको म्हणून तीन तास दात आवळून बसतेस आणि मग दोन घेतेस. तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं, गोळी धड लागू पडत नाही.

त्याच कालनिर्णयावर एकादशी आणि चतुर्थी छापलेली असते. तुझ्या फुल्या त्यांच्याशी ताडून बघ. रिकामं पोट हे अर्धशिशीला आवतण असतं. देवाचा राग माझ्यावर येऊ दे, पण परीक्षा होईस्तोवर उपवास बंद. मेसचा डबा चुकवणं हाही उपवासच. पाळीच्या तारखा, रात्रीची जागरणं आणि रविवारी अकरापर्यंत लोळणं, तेही लिही. कमी झोप बाधते तशी जास्तही. चहा एकदम तोडू नकोस, त्यानंही डोकं धरतं. रोज एखादा कप कमी कर.

महिन्याच्या फुल्या चारांच्या पुढे गेल्या तर डॉक्टरांकडून रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध मिळतं. त्यांनी रक्तदाबाची गोळी लिहिली तर मेडिकलवाल्याशी भांडू नकोस. प्रोप्रॅनोलॉल अर्धशिशीलाही चालतं. मात्र तुला लहानपणी दमा होता हे आठवणीनं सांग, कारण दम्याला ते चालत नाही. आणि सहा-आठ आठवडे धीर धर, चार दिवसांत गुण येत नाही. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसत असेल तर तेही सांग. लग्नानंतर गर्भनिरोधक गोळीचा विषय निघेल तेव्हा ते फार महत्त्वाचं ठरतं; काही गोळ्या अशा बायकांना देत नाहीत.

एरवी मी वाट बघ म्हणेन, पण कधी क्षणात, कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, तापाबरोबर मान ताठली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे वाटले, तर कालनिर्णय राहू दे, रिक्षा कर आणि थेट दवाखान्यात जा. मला फोन तिथून कर.

गणपतीला येशील तेव्हा जून, जुलै, ऑगस्टची पानं फाडून घेऊन ये. आणि उरलेल्या पट्ट्याही आण. त्या माझ्या कपाटात राहतील, किल्ली माझ्याकडे.

तुझी,
आत्या