उंदराचा श्वास, वास आणि विषारी आमिष

झिंक फॉस्फाईडचे आमिष पहिल्या वेळी खाल्ले जाते, काही उंदीर मरतातही. मात्र पुन्हा ठेवलेले तेच आमिष बिळापाशी तसेच पडून राहते. याचे कारण उंदराच्या नाकात व मेंदूत आहे.

वास मेंदूपर्यंत कसा पोचतो?

स्वस्थ उंदीर सेकंदाला साधारण १ ते २ वेळा श्वास घेतो. नवीन वास येताच तो सेकंदाला ४ ते १० वेळा हुंगू लागतो. प्रत्येक श्वासाबरोबर वासाचे कण नाकातील अस्तरावर पोचतात. तेथे हजारच्या आसपास प्रकारचे गंधग्राहक असतात. माणसात ते सुमारे ४०० आहेत. त्यांचे संदेश मेंदूच्या पुढच्या टोकाच्या गंधकंदात जातात. तेथील पेशी श्वासाच्या तालावर काम करतात. श्वास आत येताच कोणत्या पेशी आधी व कोणत्या नंतर जाग्या होतात, यावरून वास ओळखला जातो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना दोन वासांतील फरक ओळखण्यास एक हुंगणे पुरेसे ठरले.

सोबत्याच्या तोंडाचा वास

खाऊन आलेल्या सोबत्याचे तोंड उंदीर हुंगतो. त्याच्या उच्छ्वासात अन्नाच्या वासाबरोबर कार्बन डायसल्फाईड असते. हे दोन्ही वास एकत्र आले की ते अन्न त्याला खाण्याजोगे वाटते, असे शास्त्रज्ञ गेलेफ यांच्या प्रयोगांत १९८० च्या दशकात दिसून आले. उलट, अर्धवट विष खाऊन वाचलेला उंदीर त्या चवीचा व वासाचा धसका घेतो.

शेतात काय करावे?

१) संध्याकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेली बिळे जिवंत समजावीत.

२) या बिळांत २ ते ३ दिवस भरडधान्य व गोडेतेल यांचे बिनविषारी आमिष ठेवावे. त्याचा वास उंदरांच्या ओळखीचा होतो.

३) नंतर तेच धान्य ९६ भाग, तेच तेल २ भाग व झिंक फॉस्फाईड २ भाग मिसळून प्रत्येक जिवंत बिळात सुमारे १० ग्रॅम आमिष कागदात बांधून खोलवर ठेवावे.

४) वाचलेल्या उंदरांसाठी तेच विष पुन्हा वापरू नये. आठवड्याने ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवावे. त्याचा परिणाम काही दिवसांनी होत असल्याने उंदीर आजाराचा संबंध आमिषाशी जोडत नाही.

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. हातमोजे व काठी वापरूनच आमिष कालवावे, मुले व जनावरे दूर ठेवावीत आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत. शेजारच्या शेतकऱ्यांनी ही मोहीम एकाच वेळी राबविल्यास अधिक लाभ होतो.